ह्यांच्या नावाची खाणावळ

साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या हिवरखेडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा ऐटीत चालायला लागल्या. त्या हंगामात ह्यांनी मला कापसाच्या गाडीवर बसवून अकोल्याला नेलं. लग्नाला तीन वर्षं झालेली. परक्या गावात विकतचं जेवायला मिळणार म्हणून मी आदल्या दिवशीपासून पोट रिकामं ठेवलं होतं.

अकोल्यात तेव्हा पावलापावलावर खाणावळी निघाल्या होत्या, आणि नावं एकेक अशी की भूक पळून जावी. एक 'रडकीची', एक 'करपट भाकरीची', आणि सगळ्यात गर्दीची 'तेरवीची'. तेराव्याला वाढतात तसं पान भरून वाढायचे, म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव. मी आपली दारावरून जाताना हळहळले, कोण गेलं बिचारं म्हणून.

हे कापूस मोजून द्यायला निघाले. जाताना म्हणाले, "ऊन डोक्यावर आलं का खानावळीत ये. माह्याच नावाची हाय, इसरशीन कशी?" आपलं नाव अकोल्यापर्यंत पोचलं याचाच त्यांना कोण आनंद. मी बांगड्या बघत होते, नुसती मान डोलावली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ध्यानात आलं, विचारू कसं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं मला दुधाबरोबर पाजलेलं. हे शहाणे मात्र तीन वर्षं संसार करून विसरले. त्यात जेवणं आटोपली की आमच्या गावच्या सगळ्या गाड्या मिळून परत निघणार होत्या. वेळेत पोचले नाही तर त्या अनोळखी गावात मी एकटी. भूक राहिली बाजूला, मी आधी वाट विचारायला निघाले.

एका गाडीवानाला विचारलं, "भाऊ, खानावळ कुठी हाय?"

"कोनती?"

"आमच्या घरच्यायच्या नावाची."

त्यानं भराभर देवादिकांची नावं घेतली. ह्यांचं नाव देवाचं नाही, त्याला मी काय करू? "मंग तूच सांग न," म्हणत तो बैल हाकून गेला.

मग सुचलं. उखाण्यात नाव घेतलं तर दोष लागत नाही. पण आग्रहाशिवाय उखाणा घ्यायचा म्हणजे निर्लज्जपणाच. मी सकाळच्या बांगडीवालीकडे गेले.

"मावशी, मले नाव घ्यायचा आग्रह करा."

"काहून वो?"

"करा न."

ती भली बाई होती. "घे वो बाई नाव, लाजू नको," म्हणाली. मी रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं म्हटल्यावर पदर सावरला आणि गाड्यांच्या त्या गलक्यात खणखणीत आवाजात घेतलं:

"पांढऱ्या कापसाचे गाडे आले अकोल्याच्या बाजारी,
...राव भेटले तर जेवीन, नाही तर उपाशी माघारी."

नाव इथं गाळलंय, रागावू नका. गाडीवान, हमाल, बांगडीवाली, सगळे पोट धरधरून हसले. खाणावळ दोन दुकानं सोडून होती. पाटी होती म्हणे, पण मला वाचता कुठं येत होतं? माझा आवाज ऐकून हे आतून धावत आले. हात कोरडे होते. माझ्यासाठी जेवायचे थांबले होते.

मी चार भाकरी खाल्ल्या. ह्यांना घास जाईना, इतके खुशीत. कानाशी येऊन म्हणाले, "आखीन एक डाव घे न."

"जेवा मुकाट्यानं," मी म्हटलं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. नाव घेतल्यानं कमी व्हायला आता काही उरलेलं नाही. तो उखाणा मला अजून तोंडपाठ आहे. लग्नाकार्यात बायका एकमेकींना नाव घ्यायला लावतात, तेव्हा मी जवळच बसलेली असते. मला कोणी आग्रह करत नाही.