भावोजींची पिवळी रेघ

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाकांचे आणि ब्रेकचे मिस्त्री. गॅरेज त्यांचं, आणि मागच्या शेडमधलं रंगकाम माझं. बावीस वर्षं एका छपराखाली काढली आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, आणि चेष्टा करायचा तर आहेच. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का हे ते तीनदा बघतात आणि चौथ्यांदा बघायला बहिणीला पाठवतात. मी शिडी धरलेली असली तरी आणखी एकाला हाक मारतात. स्वतः गाडी चालवताना काटा पन्नासच्या वर गेला की त्यांना दरदरून घाम फुटतो. लोकांना वाटतं, तरुणपणी काहीतरी अपघात झाला असणार. तसलं काही नाही. माणूस मुळातच असा.

गंमत म्हणजे गॅरेज चालतं ते या भीतीवरच. चाकाचा नट ते नुसत्या हातच्या अंदाजाने कधी आवळत नाहीत. टॉर्क पाना घेतात, नट किती जोराने आवळायचा तो आकडा त्याच्या मुठीवर गाडीप्रमाणे लावतात, आणि तेवढा जोर भरून पाना ‘कट्’ असा वाजेपर्यंत ओढतात. मग त्या नटावर पिवळ्या पेनाने एक रेघ. रेघ मारली म्हणजे काम झालं. गावातले इतर मिस्त्रीसुद्धा ती रेघ बघितली की त्या नटाला हात लावत नाहीत. काम संपलं की पान्याचा आकडा पुन्हा तळाला आणून तो खिळ्याला टांगायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. हे शेवटचं मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल.

रविवारी सकाळी आमच्याकडे गाडीवेड्यांचा अड्डा भरतो. अड्डा कसला, दोन मुख्य भांडखोर आणि बाकीचे बघे. एक दातांचे डॉक्टर, त्यांची काळी अमेरिकन मसल कार. दुसरा हॉटेलवाला, त्याची केशरी. दोन्ही गाड्या अलीकडच्या, दोन्हींत आठ सिलिंडरचं इंजिन, दोन्ही इतक्या रुंद की आमच्या फाटकातून आत घेताना भावोजी डोळे मिटून घेतात. कंपन्यांची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर वाचणाऱ्यांमध्येही दोन तट पडतील.

त्या रविवारी वाद जरा जास्तच तापला होता. डॉक्टरांच्या गाडीला ताकद वाढवणारा सुपरचार्जर, सातशेच्या वर हॉर्सपॉवर, गिअर आपोआप पडतात. हॉटेलवाल्याच्या गाडीत ताकद कमी, पण क्लच पायाने दाबायचा आणि गिअर हाताने टाकायचा.

“तुमची गाडी तुम्हाला चालवते, डॉक्टर,” हॉटेलवाला म्हणाला. “तुम्ही नुसते बसता. चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर सांभाळून घेतो. मग त्यात तुमचं काय?”

“माझं काय? शंभरचा वेग साडेतीन सेकंदांत, हे माझं!” डॉक्टर म्हणाले. “तू गिअर शोधत बसशील तोवर मी घरी पोचून चहा पीत असेन.”

“पण सिग्नलला थांबल्यावर लोक वळून बघतात ते आवाजामुळे. आकडा कोणाला दिसतो?”

“आवाजच हवा तर स्पीकर लाव ना. पुढे येणाऱ्या विजेच्या गाड्यांत तेच करणार आहेत.”

यावर हॉटेलवाल्याला इतका राग आला की त्याने हातातला कप खाली ठेवला. मला तर मजाच येत होती. मी ओरडलो, “भावोजी, या बरं इकडे! तुम्हीच निकाल द्या.”

भावोजी तेव्हा एका शिक्षिकेच्या छोट्या गाडीचे नट आवळत होते. शेवटची रेघ मारून, पाना तसाच ट्रॉलीवर ठेवून, हात पुसत आले. दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला विचाराल तर दोन्ही गाड्यांत मला फक्त ब्रेक आवडतात.” सगळे खदाखदा हसले. भावोजीही हसले. आपल्या बोलण्यावर चार माणसं हसली याचं त्यांना फार अप्रूप, कारण एरवी सगळे हसतात ते त्यांच्या घाबरण्यावर. त्या नादात ते थोडे रंगले, डॉक्टरांशी वाद घालतच परत गेले, आणि काळ्या गाडीची नवे टायर घातलेली चारही चाकं बसवली. वीस नट, वीस वेळा ‘कट्’, वीस पिवळ्या रेघा.

वाद तोंडाने मिटेना, तेव्हा ठरलं की गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जायचं. रविवारी ती भाड्याने मिळते. वेळ मोजायला माझी भाची निघाली. भावोजींची एकुलती एक लेक, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बापाच्या अगदी उलट. डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि खिडकीतून म्हणाली, “बाबा, येताय का?” भावोजींनी दोन्ही हात जोडले. गाड्या गेल्या आणि बघेही मागोमाग गेले.

वीसेक मिनिटांनी मी रंगाची बंदूक धूत होतो. भावोजींनी माझं नाव घेतलं. हाक नव्हती, नुसतं नाव. मी वळून बघितलं तर ते पाना हातात धरून उभे, चेहरा पांढराफटक. टांगण्याआधी आकडा खाली आणायला म्हणून त्यांनी मूठ बघितली होती. आकडा शंभरवर होता.

“छोट्या गाडीचा आहे हा,” ते म्हणाले. “काळीला दोनशे लागतात. अरे, मी फिरवलाच नाही. सगळे नट निम्मेच आवळलेत.”

रस्त्याने हळू गेली असती तर गाडी कदाचित परत आली असती. पण सातशे घोड्यांचा झटका मागच्या चाकांवर आला तर? मी भाचीला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. वेळ मोजताना मध्येच आलेला फोन ती घेणार कशाला? डॉक्टरांना लावला, तर त्यांचा फोन आमच्याच टेबलावर वाजायला लागला, चार्जिंगला लावून विसरले होते. हॉटेलवाल्याचा लागत होता, पण त्या इंजिनापुढे त्याला काय ऐकू येणार!

दारात शिक्षिकेची गाडी उभी होती. गिऱ्हाइकाची गाडी कामाशिवाय हलवायची नाही, हा भावोजींचा नियम. एका हातात पाना तसाच, दुसऱ्या हाताने त्यांनी किल्ली घेतली. मी म्हटलं, “मी चालवतो.” ते ऐकायच्या पलीकडे गेले होते.

त्या प्रवासाचं मी काय सांगू? बावीस वर्षं ज्यांना चिडवलं, त्यांनी ती चिमुकली गाडी शंभरच्या वर पळवली. बाजारातल्या वळणाला मी दाराची मूठ धरून डोळे मिटले. एका हातगाडीला आम्ही जेमतेम चुकवलं. भावोजी तोंडाने एकसारखे आकडे पुटपुटत होते, “पुढची दहा, मागची दहा, पुढची दहा, मागची दहा.” त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आणि मला वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. कामाच्या मधून त्यांना हाक मी मारली होती. चार माणसांच्या हसण्यासाठी. हे त्यांच्या लक्षात आहे का, असं त्यांच्या तोंडाकडे बघून ताडायचा मी प्रयत्न करत होतो. असल्या वेळीसुद्धा माणूस आधी स्वतःचीच कातडी वाचवायला बघतो, दुसरं काय.

धावपट्टीच्या फाटकाशी पोचलो आणि तो आवाज आला. काळी सुटली होती. मागच्या चाकांखाली धूर झाला, नाक वर उचललं गेलं आणि गाडी बघता बघता लहान होत गेली. भावोजींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मी मात्र बघत राहिलो, बघायचं नव्हतं तरी. गाडी पार टोकाला गेली, ब्रेकचे दिवे लागले आणि थांबली. धडधाकट.

माझा जीव भांड्यात पडतोय तोच ती वळली आणि परतीच्या फेरीसाठी रेषेवर उभी राहिली. मग भावोजी उतरले. रस्ता ओलांडताना माझी बाही धरणारा हा माणूस धावपट्टीच्या मधोमध दोन्ही हात पसरून धावत सुटला. पाना घेऊन मी मागून ओरडत धावलो. समोरून इंजिन एकदा डरकाळलं, दोनदा डरकाळलं. ते थांबले नाहीत. शेवटी डॉक्टरांना दिसलं असावं. इंजिन बंद झालं.

आम्ही पोचेपर्यंत हॉटेलवाला आणि बघेही आले. “काय झालं मिस्त्री, ब्रेक आवडले नाहीत का?” कोणीतरी हसत विचारलं. भावोजींनी माझ्या हातातून पाना घेतला, आकडा दोनशेवर नेला, मला दाखवला, आणि पुढच्या चाकाशी बसले. पहिला नट फिरला. दुसरा फिरला. सगळे फिरले. मागच्या डाव्या चाकाशी आले तेव्हा पाना लावायची गरजच पडली नाही. दोन नट त्यांच्या बोटांनीच फिरले.

हसणं बंद झालं. डॉक्टरांनी आपले दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. हॉटेलवाला कसाबसा म्हणाला, “उरलेल्या तीन नटांवर निभावलं असतं कदाचित.” त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

“चूक माझी,” भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले. “आकडा बदलला नाही आणि रेघ मारली.”

“माझीसुद्धा,” असं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. अजूनही ते मी त्यांना म्हटलेलं नाही.

भाची खाली उतरली होती. ती चाकाकडे बघत होती. “मामा,” ती मला म्हणाली, कारण बापाकडे बघायचा तिला धीर होत नव्हता, “गाडी सुटल्यावर मागून टकटक आवाज येत होता. मला ऐकू आला होता.”

“मग बोलली का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलोच.

“डॉक्टरांनीही विचारलं, कसला आवाज म्हणून. मीच म्हटलं, काही नसेल, बाबांनी रेघ मारलीय.”

भावोजी जमिनीवरच बसले होते. तिथूनच त्यांनी लेकीचं मनगट धरलं.

“यापुढे आवाज आला की उतरायचं,” ते म्हणाले. “काम कोणी का केलेलं असेना. मी केलेलं असलं तरी उतरायचं. बापाने केलंय म्हणून बसून राहायचं नाही, कळलं?”

तिने मान हलवली, आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली.