सोड्याची बादली आणि लाकडी उलथणं

पेंट रिमूव्हरचा उग्र वास आला की मला आमचं अंगण आठवतं. नातवंडांनो, तुमची आई तेव्हा तुमच्या आजोबांच्या जुन्या मोटारसायकलवरून सिन्नरला नोकरीला जायची. ॲल्युमिनियमच्या चाकांवरचा रंग पोपडे धरून उडत होता, म्हणून माझे दीर कॉस्टिक सोड्याची बादली घेऊन आले. "वहिनी, यात बुडवू, झटक्यात निघेल." मी आडवी आले. "भावजी, सोड्यानं ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडून झिजतं. चाक झिजलं तर पोरगी घाटात पडेल." "स्वयंपाकघरातलं शास्त्र गाडीला नको!" मी हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावर रिमूव्हर लावला, लाकडी उलथण्यानं रंग खरवडला. चाकं चकचकीत निघाली. त्या उलथण्यानं पुन्हा स्वयंपाक केला नाही. ते भिंतीवर टांगलंय, भावजी बसतात त्या खुर्चीच्या अगदी समोर.