कललेली फुली

त्या रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला की माझी मान आपोआप डावीकडे कलायची. सरळ बसून पाहिलं, तर आतली फुलीच तिरकी दिसे.

दुर्बीण बसवली होती ती रायफल दुरुस्तीला आणणाऱ्या ताईंच्या वडिलांनी. ते आमच्या बंदुकांच्या दुकानाचे मालक असलेल्या काकांचे मित्र. गेल्या वर्षी वारले. "गोळी बाजूला जाते, तेवढं नीट करा," म्हणून ताई रायफल ठेवून गेल्या.

"तू एकट्यानं कर," काका मला म्हणाले. "बिघडवलीस तर गावची गाडी धर." ते चेष्टेनं बोलले, पण मी हात दोनदा पुसून मगच रायफल उचलली. आठवीतून शाळा सुटलेल्या मला या परक्या शहरात जवळ केलं ते त्यांनीच.

दुर्बीण काढून ती धरून ठेवणाऱ्या कड्यांमध्ये दोन टोकदार सळ्या ठेवल्या. टोकाला टोक भिडायला हवं, ते केसभर चुकत होतं. मग खरखरीत पेस्ट लावून कड्या आतून घासत बसलो. माणूस जातो आणि त्याचं कलणं वस्तूत राहतं की काय? गावाकडे माझ्या चपला आता धाकटा घालतो. तोही माझ्यासारखाच पाय ओढत चालतो, असं आई फोनवर सांगते. मी तर अजून जिवंत आहे.

दुर्बीण परत ठेवली, भिंतीवर ओळंबा सोडला, फुली त्याच्या दोऱ्याशी जुळवली आणि स्क्रू आवळले. डोळा लावून पाहिलं, आता सगळं सरळ होतं.

"मान सरळ ठेव," काका मागून म्हणाले.

"सरळच आहे, काका."

त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून हळूच उजवीकडे आणलं.

"माझा मित्रही हेच म्हणायचा," ते म्हणाले.