पट्टीचा वरचा आकडा

निफाडहून निघालो तेव्हा जीप सुरू झाली तरी दादा, म्हणजे माझे वडील, खिडकी सोडेनात. "गरीब हाय असं कुठं लिहून देऊ नको, पोरी," एवढंच म्हणाले. माझ्या मांडीवर दोन वर्षांची मीनल होती. त्यांनी तिच्या हातात दिलेला द्राक्षांचा घड कसाऱ्याच्या घाटापर्यंत तिच्या फ्रॉकवर चिरडला होता.

इंग्लंडात, लेस्टरच्या बाजारात, आम्ही नवराबायकोने भाजीचा गाळा घेतला. ना पगार, ना पगाराची स्लिप. लेकरं असलेल्या, कमी कमाईच्या घरांना सरकार चाइल्ड टॅक्स क्रेडिट देतं, हे शेजारच्या गुजराती बाईने सांगितलं. कमाई कमी तर मदत जास्त. फॉर्म मी भरायला घेतला, वर्षाच्या कमाईचा रकाना आला आणि दादा आठवले. गल्ल्यात आलेला सगळा पैसा मी लिहून टाकला. मालाची खरेदी, गाळ्याचं भाडं, व्हॅनचं पेट्रोल, काही वजा केलं नाही. आम्ही काय भिकारी होतो? मदत आली ती बसच्या पासापुरती.

माझी अक्कल बघा. दादा टोमॅटो विकून आले की आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आधी तळाशी बघायचे. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात उरेल ती कमाई. त्या माणसाची लेक मी, आणि परदेशात जाऊन वरचा आकडा लिहिला!

गाळ्यावर दोघंही लागायचो आणि पाळणाघर परवडेना. शेवटी मीनलला निफाडला माझ्या आईपाशी ठेवून आले. वर्षभराने एका जाणकाराने कागद बघून कपाळावर हात मारला, तेव्हा चूक कळली. दुरुस्तीसाठी टॅक्सच्या ऑफिसला फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मूल सध्या कुठे राहतं? मी खरं ते सांगितलं. मग मिळणार नाही, म्हणाली. पैसे नाहीत म्हणून मूल पाठवलं, आणि मूल पाठवलं म्हणून पैसे नाहीत. इतका संताप झाला की दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होते.

कर्ज काढून तिकीट घेतलं आणि तिला आणायला गेले. दादांना म्हटलं, तुमच्या त्या एका वाक्यापायी हे झालं.

"गरीब म्हणू नको म्हणलो होतो," ते म्हणाले. "खोटं लिही म्हणलो नव्हतो."

मला राग आला. अजूनही येतो, कारण त्यांचं बरोबर होतं.

आता मदत नीट येते. मूल कुठे राहतं, असं विचारलं की मी लेस्टरचा पत्ता लिहिते. पण ताप चढला की मीनल "आजी, आजी" करते. मी उशाशीच बसलेली असते. तिचं घर अजून निफाडला आहे, आणि ते तिथे मीच ठेवून आले.