लायनीच्या गळ्यातली मोठी

माझ्या सवतीला मी कधी पाहिलं नाही. ती पटकीने गेली आणि वर्ष भरायच्या आत मला अकोल्याकडून इकडे अमरावतीच्या बाजूला दुसरी बायको करून आणलं. मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा जळून बघावं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं, वेळ पडली तर तिच्या झिंज्या धरता येतात. मेलेली कधी चुकत नाही, म्हातारी होत नाही आणि तिची भाकर करपत नाही.

ती उंच होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दह्याचं शिंकं तिच्या हाताला येईल इतकं वर टांगलेलं होतं आणि मी पडले ठेंगणी. पाटावर चढले तरी बोटं जेमतेम मडक्याच्या बुडाला लागायची. शिंकं जरा खाली घ्या म्हटलं, तर धनी म्हणाले, "राहू दे. तिनं बांधलं हाये ते." मग चार वर्षं मी पाटावर पाट ठेवून दही काढलं. दाराशेजारच्या भिंतीवर तेलाचा एक डाग होता. धनी वावरातून यायच्या वेळी ती तिथे डोकं टेकून उभी राहायची म्हणे. सणावारी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचं काम माझं. त्या जागेवर मी मुद्दाम दोनदा हात फिरवायची. आठ दिवसांत डाग पुन्हा वर यायचा.

आमच्याकडे गेलेल्याच्या मागे जे उरतं, त्याला शब्दांचा तोटा नाही. जखम गेली की वण. ज्वारी कापून नेली की धसकट. गाड्या निघून गेल्या की चाकोरी. अख्खं गाव उठून गेलं तरी त्याची पांढरी राहते. आमच्या वावराच्या कडेला तशी एक होती, नुसती पांढुरकी माती आणि खापराचे तुकडे. सासूबाई चालता चालता हे सगळं मला दाखवायच्या आणि कुठूनही सुरुवात केली तरी मोठीवर येऊन थांबायच्या. मोठी म्हणजे ती. मी लायनी. घरात मोठी नव्हतीच, तरी मी लायनीच राहिले.

बायको गेल्यावर जे उरतं त्यालाही शब्द होता, टाक. चांदीच्या पत्र्यावर तिचं तोंड ठोकून घ्यायचं आणि ते दुसरीने गळ्यात बांधायचं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपल्या अंगाला लावायचं. आमच्या घरात हाताशी चांदी नव्हती म्हणून तो करायचा राहिला होता. मला त्या गरिबीचं दुःख नव्हतं.

मग कुठे साता समुद्रापलीकडे लढाई लागली आणि इथे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या पेठेत बैलबंड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. शेजारणीच्या पायात तोडे आले आणि ती उगाच दिवसातून चारदा आमच्या अंगणातून जाऊ लागली. माझ्या मनात गळ्यातली सोन्याची एकदाणी होती. मी तोंड उघडायच्या आधीच धनी म्हणाले, "पयले मोठीचा टाक. तिनं निस्त्या कण्या खाल्ल्या अन् गेली. हे दिवस तिनं पायलेच नाई."

कण्या मीही चार वर्षं खाल्ल्या होत्या. पण मी मेले नव्हते ना!

कापसाची खेप घेऊन अमरावतीला गेलो तेव्हा धनी माल मोजून द्यायला पेठेत थांबले आणि मला व सासूबाईंना सोनाराकडे बसवून गेले. सोनार म्हातारा होता, बोलायला मोकळा. त्याने विचारलं, "मोठी कशी होती, माय?"

"उंच होती," सासूबाई म्हणाल्या. "अन् गोरी."

"चांदीत उंची येत नाई. नाक सांगा, कपाळ सांगा."

सासूबाई बोटाने हवेत नाक काढू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि आठवणीतही उतरला असावा. "नाक... आता नाकासारखं नाक," एवढंच त्या म्हणाल्या.

अक्षरं मला म्हातारपणी नातीच्या पाटीवरून आली. धनी आता नाहीत, म्हणून पुढचं लिहिते.

मी सोनाराला म्हटलं, "मी सांगतो. मले समदं ठाऊक हाये." आणि मी माझं तोंड सांगितलं. कपाळ अरुंद. नाक थोडं बसकं. डावी भुवई मध्ये तुटलेली, हनुवटीला खळगा. सोनाराने पदराआडच्या माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगतलेलं पोरीनं ध्यानात ठेवलं पाय."

मला मोठीची जागा चोरायची होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला पकडलं जायचं होतं. टाक हातात घेतल्यावर धनी दचकतील आणि म्हणतील, "काय वं, हे तं तुयं तोंड!" मग शिव्या देऊ देत, हात उचलू देत. ओळखलं तर असतं.

आठ दिवसांनी दुसरी खेप घेऊन गेलो तेव्हा टाक तयार होता. सोनाराने काम चोख केलं होतं, तुटलेली भुवईसुद्धा. धनी तो घेऊन बाहेर लिंबाखाली आले. भर दुपारचं ऊन होतं. त्यांनी टाक तळहातावर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"तीच," ते म्हणाले. "हुबेहूब तीच. हनुवटीचा खळगा बी सोडला नाई त्यानं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्यांनी तो स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात बांधला. दोरा नीट बसेपर्यंत त्यांची नजर चांदीवर होती. तेच कपाळ, तीच भुवई, तोच खळगा वीतभर वर, माझ्या तोंडावर होता.

त्यानंतर मोठीवर मी कधी जळले नाही. जळले ती गळ्यातल्या माझ्याच तोंडावर. त्याच्याकडे ते रोज पाहायचे.