नेलची शेगडी

गावच्या सभागृहात जुन्या शेतकरी घराण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. भिंतीवर चेव्हियट डोंगरांच्या पायथ्याचा मोठा नकाशा लावला होता आणि ज्याने त्याने आपल्या पूर्वजांच्या शेतावर नावाची टाचणी टोचायची होती. माझी शेजारीण बीनी एचिसन शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राबलेली. तीही टाचणी घेऊन उभी राहिली.

"तुझं शेत कुठलं गं?" वॉल्टर रदरफर्डने विचारलं. प्रदर्शन त्याच्याच हाती होतं.

"आमचं नव्हतंच. आमच्या लोकांनी दुसऱ्यांची शेतं नांगरली. ब्लॅकरिग, हेअरहोप, तुमचंसुद्धा."

"मग ते मजूर झाले. इथे घराण्यांचं काम आहे, बीनी. तू चहाचं टेबल सांभाळ. चहाबरोबरचे तुझे स्कोन कसले हलके होतात!"

बीनीने टाचणी कोटाच्या कॉलरला टोचली आणि तरातरा घरी आली.

गेले दोन हिवाळे ती चर्चच्या नोंदी चाळत होती, थडग्यांवरचं शेवाळ खरवडत होती. पणजी नेलच्या नावाचा दगड कुठेच नव्हता. नोंदींत सापडली ती नेलची मुलं, प्रत्येक वेगळ्या शेतावर जन्मलेलं. वसंतात मालकाने 'राहा' म्हटलं नाही, की मेमध्ये नांगऱ्याचं बिऱ्हाड गाडीवर चढायचं. नेल मात्र मालकाच्या बोलण्याची वाट बघायची नाही. वाकडा शब्द कानावर आला, की आधी चुलीच्या कोनाड्यात बसवलेली लोखंडी शेगडी उपसायची, मग नवऱ्याला सांगायची. शेगडी तिची स्वतःची होती; पिढ्यान्‌पिढ्या त्या गोष्टीसकट ती बीनीपर्यंत आली होती.

"एका टाचणीपुरतं तरी तिचं नाव लागलंच पाहिजे," बीनी म्हणाली. "चल, हात लाव."

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही दोघींनी ती लोखंडी शेगडी ढकलगाडीवरून नेली आणि नकाशासमोर दाणकन ठेवली.

"हे काय भंगार?" वॉल्टर ओरडला.

"आमचं घर. तुझे पूर्वज आम्हाला नुसत्या चार भिंती द्यायचे. चूल आम्ही बरोबर आणायचो."

"वाट अडतेय. हलव ती."

"ही आजवर हलली ती नेलच्या मर्जीने. रदरफर्डांनी सांगितलं म्हणून एकदाही नाही."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. बीनीने कॉलरची टाचणी काढली आणि वॉल्टरच्या टाचणीला खेटून, त्याच्याच शेतावर टोचली.

"नेलची थोरली इथे जन्मली. तुमच्या गोठ्यालगत. काढायची असेल तर सगळ्यांसमोर काढ."

वॉल्टरचा हात खिशातच राहिला. ब्लॅकरिगचा म्हातारा मालक पुढे आला. "आमच्याकडेही होते ना ते? मग आमच्या शेतावरही टोच की."

"अगं पण, चहाचं टेबल?" वॉल्टर पुटपुटला.

"तू सांभाळ," बीनी दुसरी टाचणी उचलत म्हणाली. "स्कोन डब्यात आहेत."