पिवळ्या उजेडाची बॅटरी

आमच्या घरात ठरवायचं काम माझ्याकडे आहे. माहेरी मिक्सर कुठला घ्यायचा, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कराडला करायचं की सांगलीला, गोठ्यावर पत्रा कसला घालायचा, हे सगळं मी सांगलीत बसून ठरवते. शाळेत विज्ञान शिकवते ना. विज्ञानाच्या बाईंना सगळं कळतं असा मुलांचा नसला तरी माझा स्वतःचा पक्का समज आहे. नवरा म्हणतो, ही कोथिंबीर घ्यायला गेली तरी सगळ्या गाड्या फिरून पुन्हा पहिलीवर येते. म्हणू दे.

माझं माहेर कराडहून पाटणला जाताना रस्ता सोडून आत, नदीच्या अंगाला. घरी आई आणि आण्णा, म्हणजे वडील, दोघंच. शेतीच्या मोटारीला लाईट पाळीनं येते. संध्याकाळची पाळी असली की आण्णा दिवस मावळताना घराबाहेर पडतात आणि उसाला पाणी पाजून जेवायला परत येतात. गणपतीच्या आधी आमच्या शिवारात बिबट्या दिसला. गावातल्या कुणीतरी व्हिडिओ पाठवला, त्यात उसाच्या कडेला एक पिवळी पाठ दिसून नाहीशी झाली. मी तो चार-पाच वेळा बघितला आणि ठरवलं, आण्णांची बॅटरी बदलायची.

त्यांच्याकडे होती ती जुनी स्टीलची, तीन सेलची, आत काचेचा बल्ब. उजेड म्हणजे नुसता पिवळा गोळा. सांगलीत एक जण हवी तशी बॅटरी जुळवून देतो असं कळलं. गेले. दुकान कसलं, एक टेबल आणि त्यावर सुटे भाग. नळी निवडायची, काच निवडायची, आतला दिवा निवडायचा, बटण कसं चालावं तेही आपणच सांगायचं. माझ्यासारखीला अजून काय पाहिजे! झोत किती लांब जातो, पाण्यात पडली तर काय, हातातून दगडावर सुटली तर काय, एकदा चार्ज केली की किती वेळ पुरते, मी त्या माणसाला भंडावून सोडलं. सगळ्यांची उत्तरं देऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "उजेड पांढरा का पिवळसर?"

मी तिथूनच आण्णांना फोन लावला. विचारायला नाही खरं तर, सांगायला.

"पिवळा मिळतोय तर पिवळा बघ," आण्णा म्हणाले.

"आवं आण्णा, पांढऱ्यात जास्त दिसतं. पिवळा जुना झाला आता."

"पिवळा बरा असतुय गं." मग जरा थांबून, "डोळ्याला."

"डोळ्याचं मी बघते," म्हणाले मी, आणि पांढरा घेतला.

गणपतीच्या सुट्टीत बॅटरी घेऊन गेले. अंगणातून झोत टाकला तर नदीकाठच्या बाभळीची पानं दिसली. आण्णा "लय भारी" म्हणाले. बटण मी कसं बसवून घेतलं होतं ते त्यांना दाखवलं: दाबलं की एकदम पूर्ण उजेड, पुन्हा दाबलं की बंद. कमी उजेड नाही, लुकलुकणं नाही. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ नको म्हणून बाकीचं सगळं मी कुलूपबंद करून आणलं होतं. जुनी बॅटरी दारात आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली. आई चौकटीत उभी राहून बघत होती. आईला गेल्या काही वर्षांत ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, त्यामुळे आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही. तिला ओरडून सांगावं असं मला वाटलं नाही, आणि फोनवर तर तिच्याशी बोलणंच मी सोडून दिलेलं.

दिवाळीला गेले तेव्हा बॅटरीची काच चिकट झालेली. कडेला पिवळा जिलेटीनचा कागद वितळून बसला होता, मिठाईच्या खोक्यावर असतो तसला. माझं डोकंच फिरलं. "एवढी चांगली वस्तू, आण्णा! लहान मुलागत कागद कसले चिकटवताय?" मी स्पिरिट लावून काच लख्ख केली आणि त्यांना परत दिली. आण्णांनी ती खुंटीला अडकवली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आईचं उजवं मनगट मोडलं होतं. न्हाणीत पाय घसरला, प्लास्टर घातलंय, काळजी करू नको. रविवारी जाऊन आले. सांगलीला परतल्यावर न्हाणीत घालायला पाय न घसरणारी चटई मागवली. तीसुद्धा लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून, खालचं रबर कसलं आहे ते तपासून.

नाताळाच्या सुट्टीत चार दिवस राहायला गेले. चटई न्हाणीत नव्हती. गोठ्यात होती, शेळी तिच्यावर बसली होती. मी विचारणार तेवढ्यात दिवस मावळला, आण्णा बॅटरी घेऊन बाहेर पडले, आणि थोड्या वेळानं आई पदर डोक्यावर घेऊन, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, पायवाटेनं उसाकडं चालू लागली.

मी पळतच गेले. बांधावर तिला गाठलं आणि तिच्या कानाशी ओरडले, "कुठं निघालीस? बिबट्या फिरतोय आणि तू..."

तिनं डाव्या हातानं समोर दाखवलं. खालच्या शिवारात सगळीकडं उजेड हलत होते. बिबट्याच्या भीतीनं गावात ज्यानं त्यानं नवी बॅटरी घेतलेली. सगळे उजेड पांढरे.

"ह्यातला तुझ्या आण्णाचा कंचा?" आई म्हणाली. "वळखू येत न्हाई गं मला."

ती आण्णांचा उजेड का शोधतेय ते मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं आणि मी विसरले होते. मोटारीपाशी पोचले की आण्णा घराकडं बॅटरी धरायचे आणि काचेवर दोनदा तळहात ठेवायचे. पोचलो. आई अंगणातला दिवा एकदा बंद करून चालू करायची. बघितलं. आणि पाणी पाजून निघताना ते बॅटरी हवेत गोल फिरवायचे, म्हणजे तवा ठेव. ते दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. माझ्या लहानपणी कुणाकडं फोन नव्हते. पुढं फोन आले, पण तोवर आईचे कान जायला लागले, म्हणून ते दोघं उजेडावरच राहिले. मी कधी त्याच्याकडं नीट बघितलंच नाही.

"मनगट हितंच मोडलं?" मी विचारलं. दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"ह्या बांधावनं पाय गेला," ती म्हणाली. "तुला न्हाई सांगायचं म्हणलं आण्णानी. हौसेनं आणलीया पोरीनं."

आण्णा परत आल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी हात पुढं केला. तळहातावर जुना काळा डाग होता. माझ्या भारी बॅटरीची काच तापते. पूर्ण उजेडावर हात ठेवला की चटका बसतो, आणि कमी उजेड मी कुलपात घातलेला. लुकलुकवावी तर तेही बंद, आणि नुसती लावून विझवली तर बाकीचे पांढरे उजेडही तसेच लागतात-विझतात. म्हणून त्यांनी पिवळा कागद लावून बघितला होता, तो वितळला. मी स्पिरिटनं पुसून टाकला तो.

"मला फोनवर सांगायचं की आण्णा. पिवळा कशाला पाहिजे ते."

"काय सांगायचं गं त्यात," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. खरंच, काय सांगणार? सत्तरी ओलांडलेल्या माणसानं लेकीला सांगायचं की तुझी आई माझा उजेड बघत उभी असते? मी फोनवर दोन क्षण गप्प बसले असते तर कदाचित सांगितलंही असतं. त्या रात्री मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवताना मी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

सांगलीला जाऊन त्या माणसाला गाठलं. बॅटरीचं पुढचं डोकं तेवढं बदलता येतं, त्यानं पिवळ्या दिव्याचं दिलं. बटण कसं चालावं तेही त्या डोक्यातच ठरतं, त्यात कुलपं न घालता कमी उजेड आधी लागेल असं करून घेतलं. संक्रांतीच्या सुट्टीला ते घेऊन गेले आणि आण्णांच्या हातात दिलं. पहिल्यांदाच काही दाखवलं नाही, सांगितलं नाही. त्यांनीच फिरवून बसवलं.

आईचं प्लास्टर निघालं होतं, तोवर शेजारून येणाऱ्या भाकरीही आता थांबल्या होत्या. मनगट पूर्वीसारखं वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी मी तिच्याबरोबर अंगणात उभी राहिले. खाली पांढरे उजेड हलत होते. बऱ्याच वेळानं त्यांच्यात एक पिवळा लागला. झाकला, उघडला. पुन्हा झाकला, उघडला.

"ह्यो," आई म्हणाली. डाव्या हातानं तिनं दिव्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग पायरीवर बसली. इतके महिने ती कशी उभी असायची हे मला त्या बसण्यावरून कळलं.

पाणी पाजून झालं तेव्हा पिवळा उजेड हवेत गोल फिरला. आई सवयीनं उठली, चुलीपर्यंत गेली, परातीत पीठ घेतलं आणि उजवा हात त्यावर ठेवला. हात नुसताच राहिला पिठावर. तिनं जोर लावून बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली.

तवा मी ठेवला. माझी भाकरी थापताना कडेनं फाटली, ती आण्णांनी तशीच खाल्ली. सकाळच्या गाडीनं मी सांगलीला परतणार होते. दुसऱ्या दिवशीही संध्याकाळचीच पाळी होती. आण्णा बॅटरी गोल फिरवणार, आईला ती लांबूनही ओळखू येणार, आणि तवा कुणी ठेवायचा ते मी अजून ठरवलेलं नव्हतं.